अर्जाची पोच

नेजगाव, ता. मिरज
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

चि. चंदना हिला शालनअक्काचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आम्ही म्हणजे मी. तू, उत्कर्षा, जावईबापू आणि नात सगळे खुशाल असाल. कडेगावचं पाणी मानवलं का? गाव बदललं की तुझा घसा धरतो, म्हणून विचारते.

माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद केलास त्याला पाच महिने झाले. म्हणून हे पत्र. उत्कर्षाचा नवा पत्ता माझ्याजवळ नव्हता. तू कोर्टात दिलेल्या कागदावर सापडला. सख्ख्या बहिणीचा पत्ता वकिलाच्या फायलीतून उतरवून घेताना कसंतरीच झालं.

इकडचं सांगते. दशलक्षण पर्व नीट पार पडलं. चतुर्दशीचा उपास केला. पारण्याला बस्तीतल्या देवाचं दर्शन घेऊन घरी आले आणि मुगाचं कढण एकटीपुरतं केलं, तरी उरलं. दरवर्षी पारणं तुझ्याकडे असायचं. आर्जव पुण्याहून येणार होता, पण सुनेला सुट्टी मिळाली नाही. दर रविवारी फोन करतो. तब्येत विचारतो, मी बरी आहे म्हणते आणि तो म्हणतो, "बरं आई, ठेवतो."

तुझ्या घरावरून रोज जाते. परड्यातल्या शेवग्याची फांदी मोडून गोठ्याच्या पत्र्यावर पडली आहे. म्हशी विकल्यापासून गोठ्यात कुत्री येऊन बसतात. फांदी कुणाला सांगून काढून घेऊ, की त्यालाही तुझ्या वकिलाची परवानगी लागेल? हे टोचून नाही लिहिलं. लिहून गेलं.

बरं. १४ ऑक्टोबरला सांगलीत सहकार न्यायालयात आपली तारीख आहे. त्या दिवशी माझी साक्ष व्हायची आहे. त्याआधी दोन शब्द सांगावेत असं वाटलं.

चंदू, मी काही खोटं केलेलं नाही. आपल्या महिला दूध संस्थेचा नियम आपण दोघींनी बसूनच लिहिला होता. वर्षात एकशे ऐंशी दिवस डेअरीला दूध घातलं तर सभासद क्रियाशील, आणि क्रियाशील असेल तरच मतदार यादीत नाव. यादी सचिव करतो, मी नाही. भरतेशने सगळ्या बायकांचे दिवस मोजले. तुझे एकशे त्रेचाळीस भरले. सदतीस कमी. त्या वर्षी तू कुठे होतीस ते मला माहीत आहे, पण रजिस्टरला ते कळत नाही. यादीत नाव नाही म्हणून तुझा उमेदवारी अर्ज उडाला, आणि समोर कुणी उरलं नाही म्हणून आमचं पॅनल बिनविरोध आलं. एवढंच झालं. तू मुंबईला हायकोर्टात गेलीस, त्यांनीही निवडणूक सुरू झाल्यावर मध्ये पडत नाही, नंतर दाद मागा, असंच सांगितलं ना?

फेब्रुवारीत यादीवरच्या हरकतीच्या सुनावणीला सांगलीच्या निबंधक ऑफिसात तू जे बोललीस, ते मात्र मला लागलं. साहेबांनी विचारलं, "दूध का बंद होतं?" तू म्हणालीस, "दवाखान्यात होते. तसा रजेचा अर्ज दिला हुता." "कुणाकडं?" "ह्यांच्याकडं. माझ्या अक्काकडं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "संस्थेच्या आवक रजिस्टरला असा अर्ज नाही." मग त्यांनी तुला विचारलं, "अर्जाची पोच आहे का?"

तू काय म्हणालीस ते सगळ्या ऑफिसने ऐकलं. "भनीकडनं पोच कुठं घेत्यात, साहेब?"

चारचौघांत असं बोलायला नको होतंस. मी संस्थेची चेअरमन होते. मला जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. रजिस्टरला अर्ज नव्हता, हे खरंच होतं.

असो. आज क्षमावाणीचा दिवस आहे. चुकून काही बोलले असेन, चुकून मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. सकाळी सगळ्यांना फोनवर संदेश पाठवला, तुला जाणार नाही हे माहीत असून तुलाही पाठवला.

तारखेच्या आधी एकदा येऊन जा. घर उघडून बघायला तरी ये.

तुझी,
शालनअक्का


नेजगाव
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय चंदू,

उत्कर्षाचा निरोप आला. तिने लिहिलं आहे: "मावशी, आईनं पत्र वाचलं. घडी घालून कपाटात ठेवलं. एवढंच म्हणाली, अक्कानं 'चुकून' दोनदा लिवलंय."

चार दिवस झाले, मला दुसरं काही सुचत नाही.

बसून लिहिते. मध्ये उठले तर परत बसणार नाही, हे मला माहीत आहे.

तो जून आठवतो ना, दोन सालांमागचा. ह्यांना अंघोळीच्या दगडावरच झटका आला, उजवी बाजू गेली, आणि आपण मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने जातील. त्याच आठवड्यात डेअरीत दुधाचा मोठा कूलर बसायचा होता आणि तपासणीही होती. तूच म्हणालीस, "अक्का, डेअरी तुज्याबिगार चालायची न्हाई. दाजींपाशी मी बसते. मला कोण हाय घरात?" म्हशी तू कवठे महांकाळला नणंदेकडे पोचवल्यास आणि पिशवी घेऊन दवाखान्यात राहायला गेलीस. मी एक दिवसाआड येत होते, डबा द्यायचे, दोन तास बसायचे, आणि दुपारच्या गाडीने परत. संध्याकाळच्या दुधाला मला पोचायचं असायचं.

ऑगस्टमध्ये एकदा निघताना तू माझ्या हातात कागद दिलास. "रजेचा अर्ज हाय गं. भरतेशला दे, न्हाईतर दिवस मोजताना माझी पंचाईत व्हायची." मी तो वाचला पण नाही. डॉक्टरांनी दिलेल्या डोक्याच्या फोटोच्या मोठ्या पाकिटात सरकवला. आणि विसरले. इथपर्यंत चूक आहे, चंदू. इथपर्यंतच.

ऑक्टोबरात हे गेले. पाकीट माळ्यावर गेलं. तुझ्या म्हशी नणंदेकडेच आटल्या होत्या, संक्रांत होईपर्यंत तुझं दूध परत सुरू झालं नाही.

यंदाच्या जानेवारीत सातबाऱ्यावर वारस लावायला दवाखान्याचे कागद लागले म्हणून दुपारी ते पाकीट खाली काढलं. फोटोंच्या मधून तुझा अर्ज पडला. वहीचं पान. "मा. चेअरमन साहेब यांस" असं मला लिहिलं होतंस. मला हसू आलं. मग पुढचं वाचलं. "माझे दाजी वर्धमान पाटील दवाखान्यात असून त्यांच्याजवळ दुसरं कोणी राहण्यास नसल्यामुळे मी राहत आहे, तरी दूध घालण्यास सूट मिळावी." खाली सही, तारीख. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, जसं काही अर्ज संपला आणि बहीण सुरू झाली: "अक्का, उद्या येताना आंबील आण. दाजी मागत्यात."

मतदार यादी पाठवायला तेव्हा सोळा दिवस होते. त्या दिवसांत भरतेश दोनदा घरी आला. म्हणाला, "चेअरमनबाई, चंदनाकाकींचं काय करायचं? दवाखान्यात होत्या ते सगळ्या गावाला माहीत आहे. साधा अर्ज जरी असता तरी मीटिंगमध्ये ठराव करून सूट देता आली असती." अर्ज माझ्या उशाखाली होता. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना एकच."

तू विचारशील, का? कोर्टातही हेच विचारतील. त्यांना मी काय सांगीन कोण जाणे. तुला सांगते.

आदल्या सप्टेंबरच्या सभेत तू उभी राहिलीस. म्हणालीस, "अक्काला चेअरमन हून बारा वर्सं झाली. आता दुसऱ्या बायास्नी पण बसू द्या. अक्का, तू आता जरा घरी थांब." बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू हसत म्हणालीस, मनापासून म्हणालीस, मला दिसत होतं. पण घरी थांब म्हणालीस, आणि घरी कोण होतं गं? हे जाऊन वर्ष होत आलं होतं. पहाटे पाचला दार उघडायला मला एकच कारण होतं, ते डेअरीचं. काट्यापाशी उभी राहिले की शंभर बायका म्हणायच्या, अक्का हे झालं, अक्का ते झालं. घरी आले की दुसऱ्या दिवशीच्या पाचपर्यंत कुणी हाक मारत नव्हतं. तू उभी राहिली असतीस तर निवडून आली असतीस. हे मला तुझ्याआधी माहीत होतं.

पण तेवढंच असतं तर अर्ज मी कदाचित दिलाही असता. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते.

शेवटच्या दिवसांत ह्यांची जीभ जड झाली होती. त्यांचं बोलणं मला कळायचं नाही. तुला कळायचं. मी डबा घेऊन यायचे, ते काहीतरी म्हणायचे, मी तुझ्याकडे बघायचे, आणि तू सांगायचीस, "कूस बदल म्हणत्यात." चौतीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांचं बोलणं मला माझ्या धाकट्या बहिणीने समजावून सांगायचं. आणि तू लिहिलं होतंस, "त्यांच्याजवळ दुसरं कोणी राहण्यास नसल्यामुळे." त्यात तुझा काही वाकडेपणा नव्हता. पण तो कागद आवक रजिस्टरला चढला असता, त्यावर ठराव झाला असता, मीटिंगमध्ये तो मोठ्याने वाचला गेला असता, की वर्धमान पाटलांजवळ त्यांची बायको नव्हती. ती डेअरीत होती. हे मला सहन झालं नाही.

म्हणून मी तो लपवला. साहेबांपुढे रजिस्टरचं नाव घेऊन बोलले. आणि तुझी दोनशे बायकांत खोटारडी म्हणून शोभा झाली. तुला गाव सोडावं लागलं, ते माझ्यामुळे.

१४ तारखेला अर्ज मी कोर्टात देणार आहे. वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, समोरच्यांकडे पुरावा नाही. तुम्ही गप्प बसलात तरी दावा आपणच जिंकतो." मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे.

क्षमा मागत नाही. गेल्या पत्रात मागितली ती पुसून टाक.

शालन


नेजगाव
मंगळवार, १७ मार्च २०२६

चंदू,

पाच महिन्यांनी लिहिते आहे. का थांबले ते शेवटी सांगते.

कोर्टात तू होतीसच. पण साक्षीभर तू खिडकीकडे बघत होतीस, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते. मी शपथ घेतली. तुझ्या वकिलांनी विचारलं, "हा अर्ज तुम्हाला कधी सापडला?" मी म्हटलं, "यादी पाठवायच्या सोळा दिवस आधी." "मग दिला का नाही?" आमचे वकील उठले, पण मी म्हटलं, "द्यायचा नव्हता म्हणून." मग न्यायाधीशबाईंनी तो कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि सगळा वाचला. तळाशी आल्यावर विचारलं, "हे आंबिलीचं काय लिहिलंय?" मी म्हटलं, "ते माझ्यासाठी आहे." दुसऱ्या दिवशी आंबील मी नेली होती की नाही, ते तिथे उभी असताना आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवलं नाही. तुला आठवत असेल.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्यापाशी आलीस. मला वाटलं, निदान तोंडात मारशील. तू अगदी हळू बोललीस, आणि ते शब्द मी घरी येईपर्यंत घोकत आले, एकही सांडू नये म्हणून.

"अर्ज तुज्याकडं हाय, हे मला पयल्या दिवशीच कळलं हुतं, अक्का. 'सापडंना' म्हणाली असतीस तर इश्वास ठेवला असता. तू म्हणालीस, रजिस्टरला न्हाई. मुंबईपातुर काय मी मतासाठी गेले व्हय? तू एकदा आपणहून म्हणावंस म्हणून गेले."

मी म्हटलं, "आता म्हणाले की गं."

"म्हणालीस. पण कोर्टात, जज्जबाईस्नी म्हणालीस. माज्या घरात येऊन मला म्हणाली असतीस तर हितवर कशाला आलो असतो आपण?"

आणि उत्कर्षाचा हात धरून जिना उतरून गेलीस. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली तू रिक्षात बसलीस, वर बघितलं नाहीस.

पुढचं तुला वकिलांकडून कळलं असेल. मी राजीनामा दिला. दोन्हीकडून तडजोड लिहून दिली, संचालक मंडळ गेलं, प्रशासक आला. यादी नव्याने झाली. डेअरीच्या भिंतीवर लावली तेव्हा मी गर्दी ओसरायची वाट बघितली आणि मग जाऊन वाचली. एकशे चौदा नंबरला तू. माझं नाव पार खाली, दोनशे नऊला. मी उभी राहणार नाही, हे आधीच सांगून टाकलं होतं.

गावातले लोक मला फारसं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सकाळी मी आपली किटली घेऊन रांगेत उभी राहते. बायका मला पुढे जागा देतात, म्हणजे त्यांना माझ्याशेजारी उभं राहायला नको. भरतेश काट्यावरचा आकडा वाचतो, पावती देतो, हाक मारत नाही. आधी चेअरमनबाई म्हणायचा, आता काय म्हणावं ते त्याला सुचत नसेल. सहा वाजता मी घरी असते. सूर्य डोक्यावर यायला मग लय वेळ लागतो.

आर्जवला सगळं सांगितलं. फोनवरच त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मावशीनं बाबांचं सगळं केलं, हे मला माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?" पुण्याला ये म्हणाला. नको म्हटलं.

परवा रविवारी मतदान झालं. तू येशील असं कुणालाच वाटलं नव्हतं. सव्वादहाच्या सुमाराला उत्कर्षाबरोबर शाळेच्या फाटकातून आत आलीस. निळं लुगडं, केस किती पांढरे झालेत गं. मी रांगेत तुझ्यामागे चौथी होते. टेबलावरच्या माणसाने तुझं नाव मोठ्याने वाचलं, यादीवर पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "आहे." तू अंगठ्याने डोळा पुसलास, असं मला मागून वाटलं. घाम असेल. ऊन होतं.

मत देऊन तू माझ्याजवळून गेलीस. थांबली नाहीस. मी तुला हाक मारली नाही. रांगेतल्या सगळ्या बायका आपल्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यापुढे तुला अवघडून टाकायचा हक्क मला नव्हता. तू तुझ्या घरी पण गेली नाहीस. फाट्यावरून परतीची गाडी धरलीस, असं नंतर कळलं.

काल निकाल लागला. राजनंदिनी, चौगुल्यांची सून, चेअरमन होईल असं म्हणतात. तिच्या पॅनलच्या पत्रकावर पहिलं नाव सूचक म्हणून तुझं होतं, ते मी वाचलं. चांगली मुलगी आहे. सगळ्यांचं ऐकून घेते.

आता का थांबले होते ते. तू व्हरांड्यात म्हणालीस त्याच दिवशी मला कळलं होतं की कडेगावला यायला हवं. पण मतदानाच्या आधी आले असते तर गाव म्हणालं असतं, शालन मतासाठी गेली. आणि गावाचं सोड, तुझ्याही मनात एकदा आलं असतं. आता मत देऊन झालं. निकाल लागला. मला तुझ्याकडून काही मिळण्यासारखं राहिलेलं नाही, आणि माझ्याकडे तुझ्यापासून राखण्यासारखं काही राहिलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघते. दहापर्यंत कडेगावात पोचेन. जेवायला थांबणार नाही, स्वयंपाक करू नकोस. जावईबापूंना बाहेर पाठवायची गरज नाही, त्यांच्यासमोर आणि उत्कर्षासमोर बोलेन. दार उघडलंस तर आत येऊन सांगेन. नाही उघडलंस तर उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगेन आणि परतीची गाडी धरेन. चारच शब्द आहेत, बंद दारातूनही ऐकू जातील.

सापडला होता. मी लपवला.

शालन